मराठी ब्लॉगवर घर चालतं का? नोकरी सोडण्याआधी विचारते आहे

गच्चीवाली

नमस्कार मंडळी. वाचनमात्र म्हणून इथे बरीच वर्षं आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. सांभाळून घ्या.

मी सांगलीत राहते, एका खासगी संस्थेच्या ऑफिसात नोकरी करते. गच्चीवरच्या बागेबद्दल मराठीत ब्लॉग लिहिते. कुंडी कशी भरायची, पालापाचोळ्याचं खत कसं करायचं, कुठल्या महिन्यात काय लावायचं, असं सगळं. सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख जास्वंदीवरच्या मिलीबग या किडीचा आहे. मन लावून लिहिलेले बाकीचे लेख त्याच्या जवळपाससुद्धा जात नाहीत. जून तोंडावर आला की वाचक एकदम वाढतात, थंडीत पालेभाज्यांमुळे पुन्हा थोडे येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये शुकशुकाट.

जाहिराती लावल्या आहेत. त्यातून डोमेन, होस्टिंग आणि घरच्या इंटरनेटचा खर्च निघतो. वर उरतं ते बोलण्यासारखं नाही. पण लेखाखाली आणि व्हॉट्सॲपवर रोज प्रश्न येतात. ऑफिसातून आल्यावर रात्री उत्तरं देत बसते. नवरा म्हणतो, एवढा वेळ जातोच आहे तर एक वर्ष नोकरी सोडून पूर्णवेळ करून बघ. सासूबाई म्हणतात, लागलेली नोकरी सोडू नये. दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे.

प्रश्न सरळ आहे. मराठी ब्लॉग हा धंदा होऊ शकतो का? कुणी करून पाहिलंय? «चिकाटी ठेव, यश नक्की मिळेल» छापाचे सल्ले कृपया नकोत. ते यूट्यूबवर पोत्याने मिळतात.

पायरीचा_आंबा

वाचतोय. मीही याच काठावर उभा आहे, फक्त विषय बाईकवरची भटकंती.

जुना_टंकलेखक

ताई, धागा चांगला काढलात. थोडं मागून सांगतो.

आम्ही मराठीत ब्लॉग लिहायला लागलो तेव्हा पैशाचा विषयच नव्हता. युनिकोडमध्ये देवनागरी नीट उमटली तरी सण वाटायचा. पुढे काही जणांनी जाहिराती लावायचा प्रयत्न केला, तर अर्जच नामंजूर व्हायचे. ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गुगलची सेवा म्हणजे ॲडसेन्स. तिच्यात हिंदी आली २०१४ च्या अखेरीस. मराठीचा नंबर लागला २०१८ मध्ये. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी लोक होते, आणि तरीही त्या भाषेतल्या पानावर रीतसर जाहिरात यायला इतका वेळ गेला. तोवर ब्लॉग लिहिणारी पहिली पिढी फेसबुकवर निघून गेली होती.

आता हिशोब बघा. आकडे समजण्यापुरते धरतोय. समजा हजार पानं पाहिली गेल्यावर तुमच्या हातात ५० रुपये पडतात. महिन्याला २५ हजार रुपये हवे असतील तर महिन्याला ५ लाख पानं पाहिली जायला हवीत. म्हणजे दिवसाला साडेसोळा हजार, आणि तेही मार्च-एप्रिल धरून. कुंडीतल्या बागेच्या विषयावर मराठीत एवढे वाचक रोज आणायचे कुठून? बरं, ॲडसेन्सचे पैसे १०० डॉलर साठल्याशिवाय खात्यात येत नाहीत. नव्याने सुरू केलेल्या मराठी ब्लॉगांचा तो पहिला टप्पाच किती लांबतो, ते इथल्या कित्येकांना ठाऊक असेल.

इंग्रजीत कर्ज, विमा, होस्टिंग असल्या विषयांना जाहिरातदार भरपूर मोजतो, कारण एक गिऱ्हाईक सापडलं तरी त्याचा खर्च वसूल होतो. जास्वंदीवरच्या किडीच्या लेखावर कोण किती मोजणार? तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: निव्वळ जाहिरातींवर, मराठीत, या विषयात घर चालणार नाही. लेखन कितीही उत्तम असलं तरी.

तिरसट_तात्या

टंकलेखकांशी सहमत, आणि पुढचं मी बोलतो म्हणजे त्यांना वाईटपणा नको.

ब्लॉगमधून लाखो कमावणारे म्हणून जे मिरवतात ना, त्यांचा ब्लॉग बहुतेक वेळा «ब्लॉगमधून लाखो कसे कमवावे» याच विषयावर असतो. कोर्स विकतात. कोर्स करणारा पुढे तोच कोर्स विकतो. यात बागेचा, स्वयंपाकाचा, कशाचाच संबंध नाही. ताई, नोकरी धरून ठेवा आणि लिहायची हौस भागवा.

एडिसनकर

तात्या, अर्धंच बरोबर. माझं एक वेड सांगते. इथे न्यू जर्सीत आल्यावर मी दुसऱ्यांच्या ब्लॉगांचे जमाखर्च वाचत बसायचे. मिनेसोटाचं एक जोडपं आहे, लिंडसे आणि ब्यॉर्क ओस्ट्रम. त्यांचा ‘पिंच ऑफ यम’ हा पाककृतींचा ब्लॉग. लिंडसे तेव्हा शाळेत शिकवायची. २०११ पासून त्यांनी दर महिन्याचा जमाखर्च जाहीर करायला सुरुवात केली. पहिल्या महिन्याची कमाई जेमतेम बावीस डॉलर! काही वर्षांनी तोच आकडा महिन्याला हजारो डॉलरवर गेला, तिने शाळा सोडली, नवराही पूर्णवेळ यातच आला.

हे अहवाल ओळीने वाचले की दोन गोष्टी दिसतात. एक, नोकरी सुरुवातीला सोडलेली नाही. दोन, आणि इथे तात्यांचा मुद्दा येतो, त्यांनी पुढे इतर खाद्यब्लॉगरांना शिकवणारं सभासदत्वही काढलं. पण फोटो आणि पाककृती आधी होत्या, शिकवणं नंतर. आधी स्वतःचं काहीतरी उभं असणं आणि नुसता कोर्स विकणं यात फरक करायला हवा की नको?

अर्थात तिचा वाचक अमेरिकेतला, जाहिरातदारही अमेरिकेतला, आणि खाद्यपदार्थांच्या जाहिरातींचा बाजार प्रचंड. ते गणित सांगलीला लावू नका.

पायरीचा_आंबा

मग सांगलीला कुठलं गणित लावायचं?

वाडीकर

आता सांगलीचं नाव निघालंच आहे, तर अमेरिकेला कशाला जायचं? सांगलीपासून थोड्या अंतरावर, पलूस तालुक्यात, हे गणित शंभर वर्षांपूर्वी सोडवून ठेवलंय. आमच्या किर्लोस्करवाडीत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. नोकरी चालू असतानाच त्यांनी सायकलींचा धंदा मांडला. हे मुंबईत सायकली घ्यायचे, बेळगावला पाठवायचे, आणि तिकडे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. नुसतं विकून भागत नव्हतं, कारण सायकल चालवता येतेय कुणाला? म्हणून रामूअण्णा चालवायलाही शिकवायचे. नोकरी सुटली ती पुढे, बढतीच्या वेळी डावललं गेल्यावर. तोवर बेळगावचं दुकान उभं होतं.

मग कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. नांगर शेतकरी घेईनात. लोखंडाने जमिनीला विष भिनतं, असा समज होता. कितीतरी काळ माल पडून राहिला. तेव्हा शेतकऱ्याला पटवणं हेच मुख्य काम होऊन बसलं. १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर वाडी वसली, आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. खबर म्हणजे कारखान्याचं घरचं पत्रक. गिऱ्हाइकांपर्यंत आणि एजंटांपर्यंत पोचायचं साधन. त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० ला ‘स्त्री’ आलं, मग ‘मनोहर’. त्या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाच्या कित्येक पिढ्या घडवल्या ते सगळ्यांना माहीत आहे. पण आरंभ कशातून झाला, ते आपण विसरतो. घरात नांगर होता, म्हणून खबर निघाली.

ताई, तुमच्याकडे खबर आहे. उत्तम चाललीय. नांगर कुठाय?

जुना_टंकलेखक

वाडीकर, मोदक घ्या!

याच चालीचं आजचं उदाहरण हवं असेल तर आग्र्याचे अमित अगरवाल. हैदराबादची सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडून २००४ मध्ये तंत्रज्ञानाचा ब्लॉग सुरू केला, आणि भारतातले पहिले व्यावसायिक ब्लॉगर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. लेख अजूनही लिहितात. पण त्याबरोबर जीमेल आणि गुगल शीट्ससाठी छोटी छोटी जोडसाधनं बनवून विकतात. लेखात अडचण सोडवून दाखवायची, आणि तीच अडचण ज्याला रोज येते त्याने साधन विकत घ्यायचं.

तिरसट_तात्या

म्हणजे शेवटी दुकानच काढायचं. मग सरळ नर्सरी काढा की! ब्लॉगचा खटाटोप कशाला?

वाडीकर

तात्या, नर्सरीवाल्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. ताईंवर तो बसून झालाय, त्याचं भांडवल करायचं. रात्री अकरा वाजता लोक त्यांना रोगट पानाचा फोटो पाठवतात. नर्सरीवाल्याला कुणी पाठवतं का?

गच्चीवाली

इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. वाडीकर, «नांगर कुठाय» हे डोक्यातून जाईना. काल रात्री व्हॉट्सॲपवरचे जुने प्रश्न काढून वाचत बसले. किडीचे प्रश्न आहेतच. पण त्याखालोखाल लोक हे विचारतात: «तयार माती कुठे मिळेल?», «बियाणं तुम्ही देता का?», «आमच्या गच्चीवर येऊन सांगाल का, पैसे देऊ.» हा शेवटचा प्रश्न मी आजवर नुसता हसून सोडून दिलाय. मध्यंतरी विश्रामबागेतल्या एका सोसायटीनेही विचारलं होतं, ओल्या कचऱ्याचं खत करून त्यावर बाग करायची म्हणून.

तर आता डोक्यात तीन वाटा आहेत. बियाणं आणि मातीचं मिश्रण विकणं. रविवारची कार्यशाळा. आणि गच्चीवर जाऊन सल्ला. कुठून सुरुवात करू?

हिशोबी

मी सीए. इतका वेळ गप्प होतो, पण «बियाणं विकणं» वाचलं आणि राहवेना.

बियाणं विकायला परवाना लागतो. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ मधला. तो कृषी विभागाकडून मिळतो. घरून विका, ब्लॉगवरून विका, पाकिटात पन्नास दाणे घालून विका, धंदा म्हणून विकलं की नियम लागू. खताचंही तसंच. खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये रासायनिक खतंच येतात असा पुष्कळांचा समज असतो, पण गांडूळखतसुद्धा त्यात आहे, त्याचे मानक ठरलेले आहेत. तेव्हा आज उठून पाकिटं भरायला बसू नका. तालुका कृषी कार्यालयात जाऊन आधी नीट विचारा. मैत्रिणीला मूठभर बी देणं वेगळं.

कार्यशाळा आणि सल्ला ही सेवा झाली. तिथे ही भानगड नाही, माल साठवायचा नाही, नासाडी नाही. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्तीही नाही. माल विकायला लागलात आणि तो राज्याबाहेर पाठवलात की गणित बदलतं, तेव्हा विचारा.

आणखी एक. जाहिरातीचं उत्पन्न कितीही किरकोळ असलं तरी विवरणपत्रात दाखवा. आजच एक वेगळं बँक खातं उघडा. ब्लॉगचं येणं-जाणं सगळं त्यातून. घरखर्चाच्या खात्यात मिसळलं की वर्षअखेरीला आपण कमावलं की गमावलं हेच कळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या छोट्या व्यावसायिकांपैकी निम्म्यांचं दुखणं हेच असतं.

सानिका_डोंबिवली

कंपन्या फुकट वस्तू पाठवतात त्याचं काय हो, हिशोबी? मला कुंड्या नाही येत, माझा ब्लॉग मुलांच्या खेळण्यांबद्दल आहे. «फक्त दोन ओळी चांगल्या लिहा» म्हणतात.

हिशोबी

घ्या, पण लेखात स्पष्ट सांगा की वस्तू कंपनीकडून आली आहे. जाहिरात मानक परिषदेचे यासाठी २०२१ पासून नियम आहेत, आणि ग्राहक व्यवहार खात्यानेही २०२३ च्या जानेवारीत मार्गदर्शक सूचना काढल्या. एकाच कंपनीने वर्षात २० हजारांच्या वर किमतीच्या वस्तू दिल्या, तर त्यावर १० टक्के टीडीएसही येतो. फुकट म्हणतात ते तितकं फुकट नसतं.

सानिका_डोंबिवली

धन्यवाद. आणि «दोन ओळी चांगल्या» मी लिहीत नाही, ते आधीच सांगून टाकते. निम्म्या कंपन्या तिथेच गळतात. पण त्यामुळेच आया माझं ऐकतात.

गच्चीवाली ताई, थोडं आडवं बोलते, राग मानू नका. या धाग्यावर सगळे गणितं मांडतायत, पण आपल्या घरातलं एक गणित कुणी मांडलं नाही. बाई ब्लॉग लिहिते तेव्हा तो तिचा छंद असतो. ती लॅपटॉप उघडून बसली तरी «जरा कुकर लाव» म्हणता येतं. ऑफिसात असताना कुणी म्हणत नाही. नोकरी सोडलीत की पहिल्याच महिन्यात तुम्ही घरच्यांच्या लेखी घरीच असलेली बाई होता. पाहुणे, दूधवाला, सिलेंडर, शाळेची रिक्षा, सगळं आपोआप तुमच्याकडे सरकतं. म्हणून नोकरी सोडायच्या आधी कामाची वेळ ठरवा, आणि ती घरात सगळ्यांना सांगा. सासूबाईंनाही.

एडिसनकर

+१००. हे इथेही असंच आहे.

पायरीचा_आंबा

चिकाटीबद्दल ताईंनी बोलू नका म्हटलंय, पण मला विचारायचंच आहे. किती दिवस धरून ठेवायचं? सगळीकडे वाचतो की बहुतेक ब्लॉग सुरुवातीलाच बंद पडतात, जे टिकले ते जिंकले. पण टिकून टिकून काहीच न झालेलेही असतीलच ना? ते कुठे लिहीत नाहीत.

जुना_टंकलेखक

लाखमोलाचा प्रश्न. न झालेल्यांपैकी एक मी. माझा साहित्यविषयक ब्लॉग आजही चालू आहे, आणि त्याने मला एक रुपया दिलेला नाही. मला तो नकोही होता, ते वेगळं.

मेलबर्नच्या डॅरन राउसची गोष्ट या बाबतीत मला आवडते. २००२ पासून ब्लॉग लिहीत होता, पोटासाठी बाहेरची किरकोळ कामं करत. ब्लॉगमधून थोडे पैसे दिसायला लागल्यावर पूर्णवेळ करायचं मनात आलं. बायको म्हणाली, सहा महिने देते. त्या सहा महिन्यांत जमलं तर जमलं, नाहीतर नेहमीची नोकरी शोध. त्याने स्वतःच सांगितलंय की ही मुदत पडेपर्यंत तो धंद्यासारखा वागतच नव्हता. मुदत पडल्यावर त्याने फोन उचलून जाहिरातदारांशी थेट बोलायला सुरुवात केली.

लोक या गोष्टीतून «बघा, त्याने हार मानली नाही» एवढंच उचलतात. मला त्यातली मुदत महत्त्वाची वाटते. विषयाला चिकटून राहायचं, पैसे मिळवायच्या एकाच वाटेला नाही. २००४ च्या अखेरीस गुगलच्या शोधात त्याचे ब्लॉग खाली गेले आणि मिळकत आटली, तेव्हा त्याने लिहायचं सोडलं नाही. पण एकाच ठिकाणाहून येणाऱ्या वाचकांवर विसंबणं सोडलं.

तिरसट_तात्या

मुदतीचं पटलं. हे कधी नव्हे ते लिहून देतो.

पण ज्याच्या घरात दुसरा पगार आहे त्यालाच मुदत परवडते, हेही लिहा. एकट्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला «आवड जोपासा» सांगणं हा निव्वळ आगाऊपणा आहे.

मुळशीचा_पाऊस

जरा अवांतर, पण धंद्याशी संबंधित. मी ट्रेकबद्दल लिहितो. माझे लेख दर पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरत फिरत माझ्याकडेच परत येतात, खाली «लेखक: अनामिक» किंवा कुणा भलत्याचंच नाव. मराठीत हा रोग फार आहे. यावर धंदा कसा उभा करायचा?

हिशोबी

कायदा तुमच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेख लिहिला त्या क्षणी हक्क तुमचा, नोंदणी केलेली नसली तरी. दुसऱ्याने वेबसाइटवर चिकटवला तर शोधातून ते पान काढायला लावता येतं, होस्टिंगवाल्याकडे तक्रार करता येते. व्हॉट्सॲपवर मात्र कुणाकुणाच्या मागे धावणार?

गच्चीवाली

मुळशीचा पाऊस, माझी युक्ती सांगते. नाव लेखाच्या शेवटी टाकलं की कापलं जातं. म्हणून मी ते लेखाच्या पोटात घालते. «सांगलीतल्या आमच्या गच्चीवर बोअरचं पाणी क्षाराचं आहे, त्यामुळे मी असं करते» अशी वाक्यं मधेमधे येतात. फोटोत कुंडीवरच ब्लॉगचं नाव रंगवलेलं आहे. कापणारा फार तर शेवटची ओळ उडवतो, आख्खा लेख नव्याने लिहायचे कष्ट घेत नाही. फिरत गेलेला लेख वाचून मला शोधत आलेले वाचक पुष्कळ आहेत.

मुळशीचा_पाऊस

कुंडीवर नाव! मी आता सॅकवर रंगवतो.

कोरडा_खोकला

सगळं ठीक, पण आता एआयचं काय? कुंडीत मिरची कशी लावावी हे लोक आता ब्लॉगवर येऊन कशाला वाचतील? गुगलने २०२४ मध्ये भारतात इंग्रजी आणि हिंदीत शोधाच्या वरच तयार उत्तर द्यायला सुरुवात केली. मिरचीचं उत्तर तिथेच मिळालं की खालच्या दुव्यावर कोण जातंय.

जुना_टंकलेखक

खरं आहे, आणि जाहिरातींवर जगणाऱ्यांच्या पोटावर त्याचा पाय पडणारच. पान उघडलंच नाही तर जाहिरात दिसणार कुणाला?

पण ताईंचं वरचं वाक्य पुन्हा वाचा. «आमच्या गच्चीवर बोअरचं पाणी क्षाराचं आहे.» सर्वसाधारण माहिती आता फुकट झाली, तिला भाव राहिलेला नाही. या गावचं पाणी, ही माती, या उन्हाला कुठली मिरची टिकते, कुठल्या नर्सरीत बरी रोपं मिळतात, हे स्वतः हात मातीत घातलेल्या माणसालाच सांगता येतं. तुमच्याच भागात याची परंपरा आहे. श्री. अ. दाभोळकर, मूळचे गणिताचे शिक्षक, त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. शेतकऱ्याने आपल्या रानात प्रयोग करायचा, काय झालं ते कळवायचं, दुसऱ्याने त्यावरून शिकायचं. तासगावच्या द्राक्षांमागे त्या देवाणघेवाणीचा मोठा हात आहे. शहरातल्या गच्चीवर पालापाचोळ्यात भाजी पिकवायचा विचारही त्यांनीच जोरात मांडला. तुमच्या व्हॉट्सॲपवर रात्री येणारे फोटो त्याच जातीचे आहेत.

आणि वाचकांचे पत्ते स्वतःजवळ ठेवा. मराठी नियतकालिकं वर्गणीदारांच्या यादीवर जगली. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आजपर्यंत दिवाळी अंकांचा बराचसा संसार आगाऊ नोंदणी आणि जाहिराती यांवरच चालतो. मराठी माणूस वाचनाला पैसे देत नाही असं म्हणतात ते मला पटत नाही. तो दिवाळीत देतो, नियमाने देतो. कारण काय मिळणार आणि कधी मिळणार हे त्याला ठाऊक असतं. तुम्हीही ईमेलची यादी करा. शोधाचे नियम बदलले तरी ती यादी तुमचीच राहते.

सानिका_डोंबिवली

व्हॉट्सॲप चॅनेल पण. ईमेल उघडणारे आता कमी.

जुना_टंकलेखक

दोन्ही ठेवा. चॅनेल दुसऱ्याच्या जागेत आहे, यादी आपल्या घरात.

गच्चीवाली

मंडळी, ठरलं. निदान या वर्षापुरतं.

नोकरी सोडत नाहीये. वाडीकरांनी सांगितलेला भाग घरी वाचून दाखवला. लक्ष्मणरावांनी नोकरी धरूनच सायकली विकल्या म्हटल्यावर सासूबाई खूश. मी ऑफिसात शनिवारची सुट्टी मागितली आहे, त्यासाठी पगार थोडा कमी झाला तरी चालेल म्हटलं. साहेबांनी नाही म्हटलेलं नाही. शनिवार-रविवार हे कामाचे दिवस, सकाळी नऊ ते एक, आणि त्या वेळात मी घरात असूनही घरात नाही. हे सानिकाताईंमुळे. नवऱ्याने कुकर स्वतःकडे घेतलाय, किती दिवस टिकतो बघू.

मुदत पुढच्या मेपर्यंत. तोवर कार्यशाळा आणि गच्चीवरचा सल्ला यांतून नोकरीच्या पगाराच्या निम्मं जरी नियमित यायला लागलं, तर सोडण्याचा विचार. नाही आलं तर ब्लॉग चालूच राहील, पण रात्री अकराला उत्तरं देणं बंद. बियाणं-मातीचं तूर्त बासनात. कृषी कार्यालयात जाऊन चौकशी मात्र करणार आहे.

मिलीबगच्या लेखावरची जाहिरात काढून तिथे कार्यशाळेची चौकट टाकली. पहिल्या तुकडीची नावं आली आहेत, बहुतेक सांगली-मिरजेतली, दोन इचलकरंजीची. पैसे कसे घ्यावे यावर मात्र अडले आहे. लोक «आल्यावर देतो» म्हणतात. ओळखीचे असल्यामुळे आगाऊ मागायला जीभ रेटत नाही.

तिरसट_तात्या

आल्यावर देतो म्हणणारा येतच नाही. पाऊस पडला की अजिबातच नाही. आगाऊ घ्या.

वाडीकर

तात्यांना दुजोरा. ओळखीच्याला उधारी दिली की ओळखही जाते.

एडिसनकर

आणि दर फार खाली ठेवू नका. माती, रोपं, कुंडी घरी न्यायला देणार असाल तर त्याचा खर्च धरा. तुमच्या चार तासांचाही धरा. आपल्याला स्वतःच्या वेळेची किंमत लावायला फार संकोच वाटतो.

गच्चीवाली

रोपं, माती आणि कुंडी देणार आहे, प्रत्येकाला एक मिरची, एक वांगं. हिशोबी, यात परवान्याचं काही येतं का?

हिशोबी

शिकवण्याची फी घेताय, त्यात सरावाचं साहित्य म्हणून एखादी भरलेली कुंडी देणं हे बियाणं विकण्यासारखं नाही असं मला वाटतं. पण कृषी कार्यालयात जाणारच आहात तर हेही विचारून घ्या, माझ्या शब्दावर राहू नका.

पैशाचं म्हणाल तर नावनोंदणीला पूर्ण रक्कम, यूपीआयने, त्या नव्या खात्यावर. प्रत्येकाला अनुक्रमांक घातलेली पावती द्या. साधं पावतीपुस्तक चालेल. नियम आधीच लिहून टाका: तीन दिवस आधी कळवलं तर पैसे परत, नंतर कळवलं तर पुढच्या तुकडीत जागा, आणि पावसामुळे तुम्हीच रद्द केलं तर ज्याला हवे त्याला पूर्ण परत. हे नोंदणीच्या मेसेजमध्येच असू द्या, म्हणजे ओळखीच्या माणसाला तोंडाने काही सांगावं लागत नाही. मेसेज तयार झाला की इथे टाका, नजर टाकतो.